आबांचं बोट, माझी शुगर

आधी गुन्हा कबूल करते, मग आजाराचं सांगते. दीड वर्ष मी माझ्या पोरीला रोज सकाळी नवऱ्याचं रक्त माझं म्हणून दाखवलं.

दचकू नका. रक्त म्हणजे एक थेंब. शुगर मोजायच्या यंत्राला लागतो तेवढाच.

झालं असं की आमची ज्योती नाशिकला शाळेत शिकवते आणि आम्ही दोघं म्हातारे इकडे वरवट बकालजवळच्या आमच्या गावात. मला शुगर आहे हे तिला ठाऊक, आणि मी पथ्य पाळत नाही हेही ठाऊक. एका दिवाळीला ती यंत्र घेऊन आली. सुई कशी लावायची, पट्टी कशी खोचायची, सगळं तिनं दोनदा शिकवलं, मग माझ्याकडून म्हणून घेतलं. शेवटी म्हणाली, "आई, रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं आणि आकड्याचा फोटो मला पाठवायचा. दोनशेच्या वर राहायला लागली ना, तर तुम्हा दोघांना नाशिकला घेऊन येईन. माझ्या डोळ्यांसमोर राहाल."

नाशिक काही वाईट नाही. पण तिथं तिसऱ्या मजल्यावर मला बसायला ओटा नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायला रस्ता नाही, आणि चहात साखर किती टाकली हे पाहणारे चार डोळे आहेत.

पहिल्या सकाळी मी इमानदारीनं माझंच बोट टोचलं. दोनशे त्रेचाळीस. शेजारी आमचे हे, म्हणजे नातीच्या भाषेत आबा, बशीत चहा ओतून पीत होते. आबा एसटीत कंडक्टर होते, जळगाव जामोद डेपोला. तीस वर्षं तिकिटं पंच करून उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट असं कडक झालेलं की सुई वाकेल. मी त्यांच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाकडे पाहिलं.

"जरा बोट द्या."

"काऊन?"

"यंत्र बराबर चालते का पाहाचं हाय."

अठ्ठ्याण्णव. मी फोटो काढला. ज्योतीचं उत्तर आलं, "शाब्बास आई." पुढे लाल बदाम. आता शाब्बासकी मला आयुष्यात फार कोणी दिली नाही. सासूनं तर नाहीच. ती अशी सकाळी सकाळी फुकट मिळायला लागली की सुटत नाही.

तिसऱ्या दिवशी आबांच्या ध्यानात आलं. "ज्योतीचे माय, हे काई बरं नाई करून राह्यली तू."

"बरं. मंग बांधा गाठोडं. नाशिकले जाऊ."

 चौथ्या दिवशी त्यांनी आपणहून बोट पुढे केलं. सुई मात्र मी दर वेळी नवी लावायची. एवढी अक्कल होती. बाकीची कुठं गेली होती, ते पुढे सांगते.

ती बाई

मला शुगर निघाली तेव्हाच्या मला मी 'ती बाई' म्हणते. तिचा आणि माझा संबंध आहे असं सांगायची लाज वाटते.

ती बाई पन्नाशीची होती. गावातल्या बायकांबरोबर जीप करून हिवरा आश्रमला दर्शनाला गेली होती. वाटेत एका ठिकाणी तपासणीचं शिबिर लागलेलं, म्हणून सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या, ही पण राहिली. तपासणाऱ्या पोरीनं आकडा पाहिला, हिच्याकडे पाहिलं, पुन्हा आकडा पाहिला.

"मावशी, गोड जास्त खाता का?"

"नाई वं बाई. गोडाले मी हातबी लावत नाई. निस्ता चहा पेते."

"किती वेळा?"

"असीन सात-आठ खेप."

"आणि साखर?"

त्या बाईनं मोठ्या विश्वासानं सांगितलं की आमच्याकडचं पाणी खारं आहे, खाऱ्या पाण्याच्या चहाला साखर जास्तच लागते, त्यात आमचा काय दोष. आमच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या कोणालाही विचारा, हे खरं आहे. पण त्या खाऱ्या पाण्यामुळे आमच्याकडे घरोघर किडनीचा आजार आहे आणि शुगर असलेल्या माणसानं तर किडनी जपायला हवी, हे त्या पोरीनं सांगितलेलं ती बाई जीपमध्ये बसेपर्यंत विसरली. रात्री घरी येऊन तिनं पुरण शिजवलं. उद्यापासून पथ्य म्हणून.

तो उद्या पंधरा वर्षं आला नाही. गोळ्या घ्यायची, पण आठवण झाली तर. आणि वर बायकांत सांगायची, "मले शुगर हाय, पन काई तरास नाई." शुगरचा त्रास दिसत नाही म्हणजे तो नाही, असं त्या बाईचं गणित होतं.

गुळाचा काढा

मग कोरोना आला. पहिल्या लाटेत आमचं गाव वाचलं. दुसरी लाट आली तेव्हा गल्लीत रोज एक घर बंद व्हायला लागलं.

लोकांनी काढा सुरू केला, मीही केला. आलं, मिरे, दालचिनी, तुळस आणि गुळाचा मोठा खडा. सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवेलागणीला एकदा. मनानं घेतलं होतं की हे औषध आहे, आणि औषधातला गूळ अंगाला लागत नाही. साखर वाईट, गूळ चांगला, असंही कुठंतरी ऐकलेलं. आबांना मी गूळ कमी घालून द्यायची, कारण त्यांचं बोट मला रोज लागायचं. हे आज लिहिताना माझाच हात थांबला. नवऱ्याचं रक्त नीट राहावं म्हणून मी काळजी घेत होते आणि स्वतः तीन ग्लास गोड पाणी पीत होते.

पुतण्या गजाननच्या पोरीचं साक्षगंध झालं, साखरपुडा म्हणा. मोजकीच माणसं बोलावली होती, तरी मांडव भरला. पाचव्या दिवशी मला ताप, सहाव्या दिवशी आबांना. दोघांची तपासणी झाली, दोघांनाही कोरोना निघाला.

ज्योतीनं ओळखीच्या डॉक्टरांना फोनवर घेतलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शुगर कशी असते?"

ज्योतीनं महिन्याभराचे फोटो त्यांना पाठवून दिले. अठ्ठ्याण्णव, एकशे चार, पंच्याण्णव, एकशे एक. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "शुगर एवढी आटोक्यात आहे म्हणजे मोठी गोष्ट. ऑक्सिजनही ठीक आहे. घरीच राहा, रोज मोजत राहा, काही वेगळं वाटलं तर लगेच कळवा."

ते त्यांच्या जागी बरोबर होते. त्यांनी समोरचे आकडे वाचले.

मी तेव्हा खरं बोलले असते तर दवाखान्यात चार दिवस आधी पोचले असते. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ज्योती फोनवर म्हणाली, "बघ आई, तू पथ्य पाळलंस त्याचं फळ मिळालं," आणि मी गिळून टाकलं.

त्या चार दिवसांत मला अशी तहान लागली की तांब्या तोंडाला लावला की रिकामा व्हायचा. लघवीला जाऊन जाऊन पाय लटपटायचे. मला वाटलं, ताप आहे, लागणारच. काढा मात्र वाढवला.

चौथ्या सकाळी आबांचं बोट टोचलं आणि आकडा आला एकशे बहात्तर. त्यांचा एवढा आकडा मी कधी पाहिला नव्हता. दुसरं बोट टोचलं. एकशे एक्क्याऐंशी.

"यंत्र बिघडलं," मी म्हटलं.

आबा तापानं लाल झालेल्या डोळ्यांनी म्हणाले, "सेल गेला असन."

मी फोनमधला जुना फोटो काढला, सत्त्याण्णववाला, आणि पाठवून दिला. ज्योतीचा लाल बदाम आला.

दुपारी माझा ऑक्सिजन शहाऐंशी झाला.

खाट

गजाननकडे मालाची ने-आण करायची छोटी गाडी आहे. मागे गादी टाकली, मला त्यावर निजवलं आणि ताडपत्री अर्धी वर केली, हवा यावी म्हणून. आबांना ताप होता, पण दम लागत नव्हता, म्हणून ते घरीच राहणार होते. जाऊबाई दारात डबा ठेवणार होती. ते ओट्यावर उभे राहिले. पाण्याची बाटली माझ्या हातात देताना म्हणाले, "सांगजो मा तिथं. खरं काय ते सांगजो."

मी मान हलवली. मान हलवणं मला आधीपासून चांगलं जमतं.

खामगावला एका दवाखान्यात खाट मिळाली, खिडकीजवळची. सगळी माणसं पांढऱ्या पोशाखात डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, फक्त पाठीवर पेनानं नावं लिहिलेली. माझ्या वाट्याला आली ती प्रज्ञा सिस्टर. तिचा चेहरा मी शेवटपर्यंत पाहिला नाही. आवाज मात्र कुठंही ओळखीन.

नाकातोंडावर मास्क लागला. छातीचा फोटो निघाला. फुप्फुसांवर सूज होती, ती उतरावी म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. आल्या आल्या माझी शुगर तपासली ती चारशेवर. डॉक्टर तरणे होते, माझ्या पुतण्याच्या पोरीच्या वयाचे. त्यांनी फोनवर ज्योतीला विचारलं. तिनं तेच सांगितलं, आईची शुगर कायम शंभरच्या आसपास. डॉक्टर म्हणाले, "आजारपणात चढते, ताणानं चढते. थोडं इन्सुलिन देऊन बघू, खाली येईल."

आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रज्ञा सिस्टरनं माझं बोट टोचलं आणि यंत्र हातात धरून उभीच राहिली. पुन्हा टोचलं. मग डॉक्टरांना हाक मारली. यंत्रावर आकडाच आला नव्हता. यंत्राची जेवढी मोजायची हद्द असते ती माझ्या रक्तानं ओलांडली होती.

मला वाटलं होतं की शुगर म्हणजे दोनशे, अडीचशे, फार तर तीनशे. मोजताच येणार नाही एवढी असते आणि ती माझ्या अंगात आहे, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी ज्योतीला व्हिडिओवर घेतलं आणि फोन माझ्या उशाशी धरला. ते तिला सांगत होते, "मॅडम, एवढी चांगली शुगर दोन दिवसांत इतकी चढणं आम्हाला कोड्यात टाकतंय. आत दुसरं काही सुरू झालंय का ते शोधावं लागेल. काही तपासण्या इथं होत नाहीत. कदाचित हलवावं लागेल. आणि या ऑक्सिजनवर हलवणं धोक्याचं आहे."

ज्योती रडत होती. "काहीही करा, पण तिनं एवढं जपलंय हो स्वतःला."

हे वाक्य मला सहन झालं नाही. बोलायला दम नव्हता. मी प्रज्ञा सिस्टरच्या खिशातल्या पेनाकडे हात केला. तिनं औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा दिला. मी लिहिलं, अक्षरं एकमेकांवर चढली, पण वाचता येत होतं:

*ते फोटो आबांच्या बोटाचे.*

सिस्टरनं आधी मनात वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. डॉक्टरांना पहिल्यांदा कळलंच नाही. तिनं समजावून सांगितलं, "सर, आजीनं घरी कधी सोताचं रक्त तपासलंच नाई. नवऱ्याचं तपासून पोरीले पाठवलं."

 फोनमधून ज्योतीनं विचारलं, "आई, कधीपासून?"

मी पुठ्ठ्यावर लिहिलं, *तू यंत्र आणलं तेव्हापासून.*

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि फोन ठेवून दिला. माझी पोरगी भांडून फोन ठेवते, रडून ठेवते. न बोलता ठेवलेला तिचा हा पहिला फोन.

दोन साथीदार

मला वाटलं, डॉक्टर आता ओरडतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या कानाशी वाकून सांगितलं. "आजी, बरं केलं सांगितलं. आता मला रस्ता दिसतोय. तुमच्या अंगात साखर खूप दिवसांपासून जास्त आहे. साखर जास्त असली की शरीराला विषाणूशी नीट लढता येत नाही. आणि विषाणू आत आला की तो साखर आणखी चढवतो. फुप्फुसासाठी मी देतोय ते इंजेक्शनही साखर वाढवतं, पण ते थांबवता येणार नाही. म्हणजे आता साखरेला आम्ही जोरात धरायचं, आणि तुम्ही श्वासाला."

मी पडल्या पडल्या विचार केला. एक दुसऱ्याला मदत करतो, दुसरा पहिल्याला झाकून ठेवतो. हे तर आबा आणि मी. एकानं बोट द्यायचं, दुसऱ्यानं फोटो काढायचा.

सलाईनमधून इन्सुलिन सुरू झालं. तासातासाला बोट टोचायचं. दीड वर्ष जपून ठेवलेली माझी दहाही बोटं चार दिवसांत चाळणी झाली. प्रज्ञा सिस्टर दर वेळी सुई उघडताना मास्कमधून विचारायची, "आजी, हे बोट तुमचंच हाय ना? पाहून सांगा."

ज्या दिवशी मला हसता आलं त्या दिवशी ऑक्सिजन नव्वदच्या वर गेला होता. हसल्यामुळे गेला असं नाही, पण माझ्या मनात दोन्ही एकत्रच राहिलंय.

पोटावर झोपायला सांगायचे, फुप्फुसांना मोकळीक मिळते म्हणून. माझं पोट म्हणजे पोटच, त्यावर झोपणं म्हणजे माठावर झोपणं. आबा घरून फोन करायचे. सिस्टर फोन माझ्या कानाशी ठेवायची आणि आबा त्यांच्या कंडक्टरच्या आवाजात सुरू करायचे, "चला, पुढं सरका, पुढं सरका. मांगं लोकं उभे हायेत. आत लय जागा हाय." मी एक श्वास आत घ्यायची. "अजून सरका." दुसरा घ्यायची. त्यांचा स्वतःचा आवाज खोकल्यानं तुटत होता, तरी गाडी त्यांनी रोज भरली.

शेजारच्या खाटेवर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान बाई होती, जळगाव जामोदकडची. तिला शुगर आहे हे तिला दवाखान्यात आल्यावरच कळलं. ती मला म्हणाली होती, "मावशी, मले तं मालूमच नोतं. तुमाले मालूम व्हतं का?" मी खिडकीकडे तोंड केलं. छातीचा दुसरा फोटो काढून मला परत आणलं तेव्हा तिची खाट रिकामी होती, चादर बदललेली. खाली तिचा स्टीलचा डबा तसाच राहिला होता, झाकणावर नाव कोरलेला. मी प्रज्ञा सिस्टरकडे पाहिलं. तिनं डबा उचलून पोटाशी धरला आणि बाहेर गेली. तिला माहीत नव्हतं म्हणून ती गेली. मला पंधरा वर्षं माहीत होतं, आणि मी खिडकीजवळ जिवंत.

मग एका सकाळी माझा डावा गाल बधिर वाटायला लागला. त्या दिवसांत शुगरवाल्यांना कोरोनानंतर काळी बुरशी होते, डोळा काढावा लागतो, असं जो तो सांगत होता. मी दोन तास कोणाला बोलले नाही. जुनी सवय. मग स्वतःचीच चीड आली आणि सिस्टरला हात धरून सांगितलं. डॉक्टरांनी बॅटरी घेऊन नाक पाहिलं, टाळू पाहिली, फोटो काढायला पाठवलं. संध्याकाळपर्यंत कळलं की काही नाही, मास्कचा पट्टा गालावर रुतत होता. प्रज्ञा सिस्टर पट्टा सैल करत म्हणाली, "काई नसलं तरी सांगाचं, आजी. आमाले काई नाई आयकाले लय आवडते."

एवढ्या मोठ्या आजारात माझ्या उपयोगी पडलेलं सगळ्यात शहाणं बोलणं हेच.

ज्योतीचा फोन

पुठ्ठ्यावर लिहिलं त्याच्या तिसऱ्या दिवशी ज्योतीचा फोन आला होता. मला वाटलं, नात बोलेल. नाही, तीच बोलली. आवाज बसलेला.

"आई, मी वर्गात पोरांच्या कॉप्या पकडते. मागच्या बाकावरच्याही. घरातली मला दीड वर्ष पकडता आली नाही."

मास्कमुळे मला उत्तर देता येत नव्हतं, ते बरंच होतं.

"मला वाटायचं, इतक्या लांब राहूनही मी रोज सकाळी तुझ्याकडे बघते. डबा भरता भरता तो फोटो बघायचे आणि मग कामाला लागायचे. मी तुझ्याकडे बघतच नव्हते, आई. मी आबांकडे बघत होते."

माझ्या लबाडीला हसणारे पुष्कळ भेटले. पण मी पोरीपासून काय काढून घेतलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. मी तिची रोजची सकाळ खोटी केली होती.

घरी

सतरा दिवसांनी गजाननच्या त्याच गाडीतून, पण पुढच्या सीटवर बसून, मी घरी आले. निघताना प्रज्ञा सिस्टरनं इन्सुलिनचं पेन पोटाला कसं टोचायचं ते माझ्याकडून तीनदा करून घेतलं. आबा ओट्यावर उभे होते, चार किलो तरी उतरलेले. मी म्हटलं, "लय बारीक झाले तुमी." ते म्हणाले, "तुह्या जाऊबाईच्या हातचं खाऊन पाह्य तू." जाऊबाई मागेच उभी होती.

दुसऱ्या सकाळी मी यंत्र काढलं. माझं बोट, माझं रक्त. एकशे अठ्ठेचाळीस. फोटो काढला, त्यात बोटही दिसेल असा, बांगडीसकट. ज्योतीला पाठवला. तिचं उत्तर यायला वेळ लागला. बदाम नव्हता. फक्त, "मिळाला."

आबा शेजारी बसले होते, बिनसाखरेचा चहा पीत, मला सोबत म्हणून. डावा हात त्यांनी सवयीनं पुढे केलेला.

"तुमच्या बोटाची सुट्टी झाली आता," मी म्हटलं.

"टोच वं एकडाव. दीड वर्स झालं, टोचल्याबिगर चहा गोड लागत नाई."

गंमत म्हणून टोचलं. दोनशे अडुसष्ट.

मी पट्टी बदलली. दुसरं बोट घेतलं. दोनशे चौऱ्याहत्तर. या वेळी यंत्र बिघडलं असं म्हणायची मला हिंमत झाली नाही. मला तो ताप असलेला चौथा दिवस आठवला. एकशे बहात्तर, एकशे एक्क्याऐंशी. त्या सकाळी यंत्र खरं बोलत होतं, फक्त माझ्याबद्दल नाही, आबांबद्दल. दीड वर्षात आबांच्या बोटातून एकदाच घाबरण्यासारखा आकडा आला होता, आणि नेमका तोच मी पाठवला नाही. त्याच्या जागी सत्त्याण्णव पाठवला.

त्याच दिवशी खामगाव गाठलं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली. तरणे डॉक्टर म्हणाले की कोरोनानंतर काही जणांना अशी नव्यानं शुगर निघताना आम्ही पाहतोय. काहींची आत आधीच सुरुवात झालेली असते, आजार तिला वर आणतो. काहींची उतरते, काहींची राहते. आबांची कोणती, ते काही महिन्यांनी कळेल. तोवर गोळी, पथ्य, चालणं. "बाबा, तुम्हाला तर शुगर कधीच नव्हती ना?"

आबा म्हणाले, "मले नोती. फोनात तं तिलेबी नोती."

घरी येताना मी मनात हिशेब मांडला. आयुष्यभर जो माणूस चहात अर्धा चमचा साखर घेत आला, ज्याच्या रक्तावर मी शाब्बासकी मिळवली, त्याच्या अंगात हे शिरलं, आणि शिरताना पाहणारी मी एकटी होते.

ज्यांना शुगर आहे त्यांना एवढंच सांगते की आजारपणात आकडा लपवू नका, आपलाही नाही आणि घरातल्याचाही नाही. ज्यांना नाही त्यांनीही कोरोना होऊन गेला असेल तर एकदा तपासून घ्या. गुळाला गूळ म्हणा, त्याला औषध म्हणू नका.

आज आमच्या घरातून रोज सकाळी ज्योतीला दोन फोटो जातात, एक बांगडीवालं बोट आणि एक कंडक्टरच्या डाव्या हाताचं. दोन्ही खरे. तिचे बदाम परत आले आहेत, दोन दोन येतात. आबांची शुगर पुरती उतरली नाही, पण दोनशेच्या खाली असते. माझी त्यांच्यापेक्षा बरी असते, हे मी त्यांना रोज ऐकवते.

पण दोन फोटोंच्या पहिल्या सकाळचं सांगून थांबते. खामगावहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा बोट टोचून घ्यायला बसले. आकडा आला दोनशे एकोणसाठ. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या ज्योतीच्या फोटोकडे, मग माझ्या हाताकडे. आणि माझ्यासमोर तळहात पसरून, आयुष्यभर सुटे पैसे मागितले तशा आवाजात म्हणाले:

"दीड वर्स म्या तुले माह्यं बोट देल्लं, कधी काई मांगलं नाई. आता तुह्यं बोट दे मले, नाई तं पोरगी दोघायलेबी नाशिकले नेते."